सांगलीत नवं बिऱ्हाड: आधी मीटर बघा, मग दुकानाची पायरी चढा

बदली होऊन आलेले शिक्षक, कुपवाडच्या एमआयडीसीत लागलेली पोरं, लग्नानंतर विश्रामबागेत वेगळी चूल मांडणारी जोडपी. सांगलीत नवीन आलेली ही मंडळी पहिल्या महिन्यात बहुतेक एकच करतात. दुकानात जाऊन मिक्सर, गिझर, वॉटर प्युरिफायर आणि वॉशिंग मशीन एका दमात हप्त्यावर उचलतात. वर्षभरानं त्यातलं एखादं यंत्र कपड्याखाली झाकून कोपऱ्यात उभं असतं आणि हप्ता चालूच असतो.

माझं म्हणणं उलट आहे. शेगडी, कुकर, पंखा आणि दिवे एवढ्यावर पहिला महिना काढा. नळाला पाणी कुठलं येतं, वायरिंग किती जुनं आहे, बिल कशानं चढतं, एवढं समजलं की खरेदीची यादी आपोआप निम्मी होते. आणि जे घ्याल ते टिकतं.

पहिलं काम: मीटर

घर ताब्यात घेतलं त्याच दिवशी मीटरचा फोटो काढा. आकडा आणि मीटर नंबर दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. आधीच्या भाडेकरूचं बिल तुमच्या गळ्यात पडू नये म्हणून हा फोटो घरमालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा.

मग मीटरच्या तोंडावर बारीक अक्षरांत लिहिलेला एक आकडा शोधा. बऱ्याच मीटरवर ३२०० असतो, काहींवर वेगळा. मीटरवरचा लाल दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं, असा त्याचा अर्थ. म्हणजे घरातलं कुठलं यंत्र किती वीज खातं हे मोजायला वेगळं काही विकत घ्यायला नको. घरातलं सगळं बंद करा, मोजायचं ते एकच यंत्र चालू ठेवा आणि मोबाईलवर एक मिनिट लावून लुकलुक मोजा. आलेल्या आकड्याला ६० नं गुणून मीटरवरच्या त्या आकड्यानं भागलं की ताशी किती युनिट ते कळतं. ३२०० च्या मीटरवर हजार वॅटची इस्त्री तापत असताना मिनिटाला ५३ च्या आसपास मोजाल. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना पाच-सहा.

याच युक्तीचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. मेन स्विच चालू ठेवून घरातली झाडून सगळी बटणं बंद करा, टीव्ही आणि राउटरच्या पिना काढा, फ्रिजसुद्धा दोन मिनिटं बंद. तरी दिवा लुकलुकतोय? मग एक तर वायरिंगमध्ये गळती आहे, नाहीतर जिन्यातला दिवा किंवा पाण्याची मोटार तुमच्या मीटरवर आहे. गावभागातल्या जुन्या वाड्यांत एकाची तीन बिऱ्हाडं झाली, तेव्हा वायरी जशा सुचतील तशा ओढल्या गेल्या. घरमालकांच्या मनात काही नसतं, त्यांनाही हे माहीत नसतं. "काका, जरा बघता का" म्हणून दिवा दाखवला की बोलणं सोपं जातं.

वायरिंग बघायला आलेल्या वायरमनला दोन गोष्टी विचारा. अर्थिंग आहे का, आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा गळती-रोधक स्विच, ज्याला सगळे आरसीसीबी म्हणतात, तो बसवलाय का. गिझर किंवा वॉशिंग मशीन लावायचं असेल तर या दोन्हींशिवाय लावू नका. गिझरला १६ अ‍ॅम्पिअरचा मोठा सॉकेट लागतो. छोट्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर पिन खुपसून गिझर चालवला तर एक दिवस तो सॉकेट काळा पडून वितळतो. बादलीत सोडायच्या हीटर रॉडबद्दल तर मी एवढंच म्हणेन, लहान मूल असलेल्या घरात तो नको.

बिल कसं वाचायचं

महावितरणच्या बिलावर ग्राहक क्रमांक असतो, बारा आकडी. तो अ‍ॅपमध्ये टाकून ठेवला की बिल, आधीचा वापर आणि तक्रार सगळं एका जागी मिळतं. रीडिंग घ्यायला माणूस आला आणि घराला कुलूप असलं तर सरासरीचं बिल येतं. ते टाळायचं तर अ‍ॅपवरून मीटरचा फोटो आणि रीडिंग स्वतःच पाठवता येतं. वीज गेली तर १९१२.

बिलाच्या खालच्या भागात भरायची रक्कम तीन प्रकारे लिहिलेली असते: लवकरच्या तारखेपर्यंत भरलं तर थोडी कमी, अंतिम तारखेपर्यंत बिलाएवढीच, आणि नंतर जास्त. बहुतेक लोक मधलीच बघतात. पहिली तारीख मोबाईलच्या कॅलेंडरात टाका.

आता युनिटच्या दरांबद्दल. शंभर युनिटांची रेघ ओलांडली की सगळं बिल महाग होतं, असा एक समज गल्लोगल्ली आहे. तसं नाही. पहिली १०० युनिटं पहिल्याच दरानं लागतात, १०१ ते ३०० पर्यंतची पुढच्या दरानं. पण हा पुढचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट आहे. म्हणून तुमचा वापर शंभराच्या वर असेल, तर वाचवलेलं प्रत्येक युनिट वरच्या, महागड्या दराचं असतं. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि वीज शुल्क (सरकारी कर) धरून ते दहा रुपयांच्या वरच जातं. पुढचे सगळे हिशेब मी दहा रुपयांनीच करतो, तोंडी जमतात म्हणून.

जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो. बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिटं. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचा, साधारण ३० वॅटचा, त्याला तेवढ्याच वेळाला ११ युनिटंसुद्धा लागत नाहीत. महिन्याला दीडशे रुपयांचा फरक. सांगलीत फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेला पंखा दिवाळीपर्यंत थांबत नाही, तेव्हा झोपायच्या खोलीत असा पंखा लावणं फायद्याचंच. स्वयंपाकघरातला तासभर चालणारा पंखा मात्र बदलू नका, त्याचे पैसे निघायला जन्म जाईल. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकांचा जुना पंखा माळ्यावर नीट गुंडाळून ठेवा आणि घर सोडताना आपला काढून न्या.

पाणी

सांगलीत यंत्रांचं आयुष्य ठरवतं ते पाणी. महापालिकेच्या नळाला कृष्णेचं पाणी, शहराबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये बोअरचं, आणि कित्येक अपार्टमेंटमध्ये दोन्ही एकाच टाकीत. नदीकाठच्या काळ्या रानात जमिनी क्षारपड झाल्यात हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तेच क्षार तुमच्या बोअरमध्ये येतात आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर होऊन बसतात.

म्हणून प्युरिफायर घेण्याआधी टीडीएस मीटर घ्या. पेनाएवढं असतं, काहीशे रुपयांत मिळतं. नाहीतर शेजाऱ्यांकडून मागून आणा, एकदाच लागतं. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम, ते त्यावर दिसतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात इष्ट मर्यादा ५०० ची आहे. तुमचा आकडा त्याच्या बराच खाली असेल तर आरओची, म्हणजे क्षार काढणाऱ्या प्युरिफायरची, गरज नाही. आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो आणि त्याची मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारी गाळणी, बदलायचा खर्च वेगळा. अशा पाण्याला साधं गाळण असलेलं यूव्ही यंत्र (अतिनील प्रकाशानं जंतू मारणारं) पुरतं, नाहीतर उकळून गाळणं. एक लक्षात ठेवा, टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही. आकडा कमी आला म्हणून पावसाळ्यातलं गढूळ पाणी तसंच पिऊ नका.

दारावर येणारे विक्रेते एक खेळ करून दाखवतात, तो माहीत असलेला बरा. दोन ग्लास घेतात, एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचं. दोन्हींत सळ्या बुडवून करंट सोडतात. अर्ध्या मिनिटात तुमचं पाणी तपकिरी गाळानं भरतं, त्यांचं स्वच्छ राहतं. "बघा वहिनी, हे पिता तुम्ही!" पण तो गाळ पाण्यातला नसतोच. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडाची सळईच विरघळून गंज होतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यानं करंट फारसा वाहत नाही. त्यांच्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तेही तपकिरी होईल आणि विक्रेता पुढच्या दारी जाईल.

बोअरचं पाणी असेल आणि आकडा हजाराकडे जात असेल, तर आरओ घ्याच. त्याचं टाकाऊ पाणी बादलीत साठवून फरशीला, संडासला वापरा. झाडांना घालायचं असेल तर जपून, क्षार कुंडीतच साचतात.

गिझरचा हिशेब असा. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाच्या थोडं वर वीज लागते. २००० वॅटच्या गिझरला त्यासाठी पंधरा-सोळा मिनिटं पुरतात. चार माणसांच्या आंघोळी म्हणजे रोज दोन युनिटं, महिन्याला साठ. घरातला सगळ्यात मोठा खर्च बहुधा हाच. आंघोळीच्या वीस मिनिटं आधी लावा आणि बादली भरली की बंद करा. रात्रभर चालू ठेवलेला गिझर कुणाच्याही आंघोळीविना वीज खातो. गच्चीवर सोलर बंब असलेलं घर शंभर-दोनशे रुपये भाडं जास्त असलं तरी परवडतं. बोअरचं पाणी असेल तर दोन वर्षांतून एकदा गिझर उघडून आतली मॅग्नेशियमची कांडी बघायला सांगा. टाकीऐवजी ती झिजावी म्हणूनच ती बसवलेली असते. पूर्ण झिजली की गंज टाकीला लागतो.

वॉशिंग मशीनच्या तक्रारींपैकी कितीतरी एका जाळीवर येऊन थांबतात. पाणी हळू भरतं, मशीन मध्येच थांबतं, स्क्रीनवर काहीतरी कोड येतो आणि सर्व्हिसवाल्याला फोन जातो. तो करण्याआधी हे करा. नळ बंद, पिन काढलेली. मागच्या बाजूचा पाण्याचा पाइप हातानं फिरवून सोडवा. जिथे तो बसतो तिथे आत बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी दिसेल. पक्कडीनं तिच्या मधल्या टोकाला धरून अलगद बाहेर ओढा. ओढ्यातल्या गाळासारखा थर असेल, जुलै-ऑगस्टमध्ये तर हमखास. जुन्या टूथब्रशनं नळाखाली घासा, परत बसवा, पाइप घट्ट करा. सर्व्हिसवाला येऊन हेच करतो आणि व्हिजिट चार्ज घेतो.

कपडे गरम पाण्यात धुवायचा प्रोग्राम रोज लावू नका. मशीनमधली वीज मोटारीपेक्षा हीटरच जास्त खातो. सांगलीच्या उन्हात साधं पाणी पुरतं.

स्वयंपाकघर

मिक्सर घेताना वॅट आणि जारची संख्या सांगतात. तुम्ही विचारा, जारचा ब्लेड आणि जार मोटारीला जोडणारा खालचा कपलर सुटा मिळतो का आणि कुठे. मारुती रोडच्या आसपास ज्या कंपनीचे सुटे भाग मिळतात, तोच मिक्सर घ्या. कपलर झिजला तर थोडक्यात काम होतं, नाहीतर आख्खा जार घ्यावा लागतो.

चालता चालता मिक्सर एकदम गप्प झाला तर जळाला म्हणून घाबरू नका. उलटा करा, बुडाशी एक लाल बटण असतं. जास्त भार पडला की ते बाहेर येतं. पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या, जारमधलं निम्मं काढा आणि बटण दाबा. मात्र हळकुंड मिक्सरमध्ये घालायची हौस करू नका. सांगलीत आलात म्हणजे यार्डातली राजापुरी हळद घरी येणारच, पण ती फोडायला कांडप गिरण्या आहेत. मिरची आणि मसालाही तिथेच द्या. मिक्सरचं काम ओलं वाटण, शेंगदाण्याचा कूट आणि चटणी.

फ्रिजचा स्टार बघताना त्याच लेबलवरचं साल आणि वर्षाची युनिटं बघा. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. जुन्या स्टॉकमधला पाच तारेवाला आजच्या मोजमापात तीनचा असू शकतो. समजा दोन फ्रिजमध्ये वर्षाला ६० युनिटांचा फरक आहे, म्हणजे सहाशे रुपये. किमतीतला फरक तीन हजार असेल तर पाच वर्षांत फिटतो, फ्रिज त्याहून जास्त टिकतो, तेव्हा घ्यावा. फरक आठ हजारांचा असेल तर तारा आकाशातच बरा. घरी आणल्यावर भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून दार लावा आणि ओढून बघा. नोट सहज सुटली तर रबर सैल झालंय, ते तेवढंच बदलून मिळतं.

इन्व्हर्टर घ्यायची घाई नको. घरून काम करणाऱ्याला बहुधा फक्त वायफाय चालू राहायला हवं असतं. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस येतो, वळवाच्या पावसात वीज गेली तरी काही तास निघतात. मोठा इन्व्हर्टर असेलच, तर बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी बॅटरीला विष आहे.

घेताना

दुकान की ऑनलाइन, या वादात मी पडत नाही. त्याआधी एक फोन करा. कंपनीच्या कस्टमर केअरला आपला पिनकोड सांगून विचारा, सर्व्हिस सेंटर सांगली-मिरजेत आहे की माणूस कोल्हापूरहून येतो. कोल्हापूरहून येणारा माणूस तिकडची चार कामं साठल्याशिवाय इकडे फिरकत नाही. हा नंबर कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा खोक्यावरून घ्या. गुगलवर शोधून वर आलेल्या नंबरवर फोन लावू नका, तिथे भामटे बसलेले असतात.

वायर, स्विच, इस्त्री, गिझर यांवर आयएसआयचा शिक्का असेल तर त्याखाली सीएम/एल नंबर असतो. बीआयएस केअर नावाच्या सरकारी अ‍ॅपमध्ये तो टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. त्याच अ‍ॅपमध्ये सोन्याच्या दागिन्यावरचा हॉलमार्कचा एचयूआयडी नंबरही तपासता येतो, सराफ पेठेत जाताना उपयोगी.

'नो-कॉस्ट ईएमआय'मध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा तुमच्याकडूनच जातो. शिवाय रोख घेतलं असतं तर मिळणारी सूट जाते. "अण्णा, आत्ता सगळे दिले तर किती?" हा प्रश्न विचारल्याशिवाय हप्त्याच्या कागदावर सही करू नका.

पक्कं जीएसटी बिल घ्या. बिल, वॉरंटी कार्ड आणि यंत्राच्या मागची पाटी, तिन्हींचे फोटो मोबाईलमध्ये एका फोल्डरमध्ये टाका. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं, फोटो राहतो. ऑनलाइन मागवलं असेल तर खोकं फोडतानाचा व्हिडिओ करा, सील फोडायच्या आधीपासून. वस्तू खराब निघाली आणि कुणी दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही.

मोबाईलवर काय ठेवावं

अ‍ॅप जितकी कमी तितकं बरं. डिजिलॉकर हवं, त्यातलं लायसन्स आणि आरसी पोलिसांना दाखवायला चालतं. गावाकडे रान असेल तर डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो, तलाठी कार्यालयाची खेप वाचते. जुना फोन विकत घेत असाल तर त्यावर *#०६# दाबून आयएमईआय नंबर घ्या आणि सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तपासा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथे कळतं.

यंत्राबरोबरचं पत्रक इंग्रजीत असतं म्हणून ते पिशवीतच राहतं. गुगल लेन्समध्ये भाषांतर निवडून कॅमेरा त्यावर धरला की मराठीत दिसतं. मराठी जरा ओबडधोबड असतं, पण कोणता कोड कशाचा आणि फिल्टर कुठे आहे एवढं समजायला पुरतं.

यूपीआयबद्दल एकच सांगतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणालं की फोन ठेवा. आणि 'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' असा मेसेज आला तर महावितरणच्या अ‍ॅपमध्ये बिल बघा, त्या नंबरला हात लावू नका. त्यासोबत आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप घुसवणारी फाइल, तर मुळीच उघडू नका. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, १९३०. जितका उशीर, तितकी रक्कम पुढे सरकते. महिन्यातून एकदा यूपीआय अ‍ॅपमधलं ऑटोपे उघडा. विसरलेल्या दोन-तीन वर्गण्या तिथे निवांत पैसे कापत असतात.

पावसाळ्याआधी

तळमजल्यावर राहणार असाल, त्यातही गावभागात किंवा सांगलीवाडीत, तर घर घेतानाच शेजाऱ्यांना विचारा, २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं. भिंतीवरची खूण कुणीतरी दाखवतंच. मोटार आणि इन्व्हर्टर त्या खुणेच्या वर बसवून घेता आले तर उत्तम. जमत नसेल तर कोयनेतून विसर्ग वाढला आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी चढायला लागली की वरच्या मजल्यावर काय न्यायचं, त्याचा क्रम आधीच ठरवा. पहिली इन्व्हर्टरची बॅटरी सोडवायची, मग मिक्सर, टीव्ही, राउटर. फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोन माणसांनी न्यायचं काम, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकांशी बोलून ठेवा. निघताना मेन स्विच बंद.

पाणी ओसरल्यावर यंत्र बाहेरून वाळलं म्हणून पिन लावू नका. आत मोटारीत आणि सर्किटमध्ये गाळ असतो, बटण दाबलं की दुरुस्त होण्याजोगं यंत्रही जळतं. आधी घराचं वायरिंग वायरमनकडून तपासून घ्या. मोटार असलेली यंत्रं वाइंडिंगवाल्याकडे वाळवायला द्या, त्या दिवसांत रांग लांब असते म्हणून पहिल्याच दिवशी. आणि काहीही साफ करण्याआधी, चिखलासकट, प्रत्येक यंत्राचा मागच्या पाटीसह फोटो काढा. पंचनाम्याला आणि विम्याला तोच लागतो.